पंखा तोंड फिरवतो तेव्हा

"झोप लागते का?" हा प्रश्न मी नोकरीत इतक्या वेळा विचारला आहे की निवृत्त झाल्यावरही तोंडातून सुटतो. परवा डहाणूच्या बाजारात भाजीवालीलाच विचारला. ती म्हणाली, "लागते की, तुम्ही घासाघीस करत बसलात की लगेच लागते."

मी डहाणू-तलासरी भागात सरकारी परिचारिका होते. पाड्यांवर मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात. नर्स म्हणजे सुई टोचणारी बाई, असा शहरातल्या लोकांचा समज असतो. उपकेंद्रातल्या नर्सचं निम्मं काम पायांचं असतं आणि उरलेलं कानांचं. पाड्यापाड्यांतून चालायचं, ओटीवर टेकायचं आणि समोरचा बोलेल ते ऐकायचं. लसी, बाळंतपणं, क्षयाच्या गोळ्या हे सगळं त्या ऐकण्याच्या मधे मधे उरकायचं.

ताप मोजायला नळी आहे, रक्तदाब मोजायला पट्टा आहे, झोप मोजायला मात्र आमच्याकडे काहीच नाही. माणूस सांगेल तेवढीच झोप. आणि गंमत अशी की झोप का लागत नाही याचं कारण माणसाने आधीच ठरवलेलं असतं. ढेकूण, सून, शेजाऱ्याचा कुत्रा, हायवेवरचे ट्रक. आपण फक्त मान डोलावून गोळी द्यावी एवढीच त्याची अपेक्षा असते. माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस, त्यामुळे मी गोळी हातात ठेवण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारायची. आमच्या केंद्राचे डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही पोलिसांत जायला हवं होतं."

धाकटी डहाणूला खाडीच्या काठी एक मावशी राहायच्या. त्यांच्या घरामागे बोटींची इंजिनं अशी धडधडत की मला तिथे बसून बोलायचं तर ओरडावं लागे. पण मावशी झोपेची गोळी मागायला यायच्या त्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना. इंजिनं थांबली की त्यांची झोप उडायची. मी म्हटलं, मावशी, आता तर कसं शांत आहे. त्यांनी मला खुळ्यात काढलं. इंजिन ऐकू आलं की कोण निघालं, कोण परत आलं हे पडल्या पडल्या समजतं, आवाजच नसला तर उठून बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरे होते किनाऱ्याकडचे एक चिकूचे बागायतदार. त्यांच्या धाकट्या भावाने विहिरीवर छोटी पवनचक्की बसवली आणि या थोरल्या भाऊंच्या छातीत धडधड सुरू झाली. कानात भुणभुण, पोटात ढवळणं, झोपेचं खोबरं. रक्तदाब खरोखर वाढलेला होता, तेव्हा भाऊ नाटक करत होते असं मी अजिबात म्हणणार नाही. पुढे उन्हाळ्यात त्यांची मोटर जळली आणि धाकट्याने त्या चक्कीच्या पाण्याची नळी न मागता थोरल्याच्या वाडीला जोडून दिली. मी पुढच्या खेपेला गेले तर रक्तदाब उतरलेला. चक्की तीच आणि वाराही तोच. भाऊ म्हणाले, हल्ली जरा हळू फिरते ती. मी मान डोलावली. नर्सला मान डोलावता आली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी लोक चहासुद्धा विचारत नाहीत.

या दोघांमुळे मला एक सवय लागली. आवाजाची तक्रार आली की तो किती मोठा आहे हे न विचारता, आवाज आला की तुम्ही काय करता, असं विचारायचं. पण अशा सवयी ऐन वेळी दगा देतात. जमनी नावाच्या एका सुनेच्या पाड्यावर हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

चारोटीला उतरून तलासरीच्या दिशेला टमटमने आत गेलं की तो पाडा लागतो. घरं कुडाची, थोडी विटांची, मागे कातळाचा उघडा माळ. जमनी लग्न होऊन तिथे आली तेव्हा तिला फेफरं येतं हे सासरी ठाऊक नव्हतं. कळल्यावर तिची सासू, सोनीबाय, तिला माहेरी धाडायला निघाली होती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्या मी दर महिन्याला पोचवत गेले आणि झटके थांबले. पण नाव पडलं ते पडलंच. सगळे तिला फेफरीच म्हणत. विहिरीवर बायका तिच्यासाठी थोडं अंतर सोडून उभ्या राहात.

मग आमच्या भागात जमिनीचे धक्के सुरू झाले. जमीन आधी पोटातून गुरगुरायची, मग हादरायची. लोक थंडीत मुलाबाळांना घेऊन उघड्यावर झोपायचे. ही गुरगुर जमनीला सगळ्यांच्या आधी ऐकू यायची. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही. तिच्या आजाराशी याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाड्याने मात्र संबंध जोडला. जिच्या अंगात धरतरी हलते तिला धरतरी आधी सांगून ठेवते, असं लोक बोलू लागले. गुरगुर आली की जमनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची थाळी पळीने बडवायची आणि सगळा पाडा अंगणात यायचा. एकदा सगळे बाहेर आले आणि मागोमाग सोनीबायच्या घराची भिंत आत कोसळली, मुलं झोपायची नेमकी त्याच जागेवर.

त्या दिवसानंतर फेफरी हा शब्द मी पाड्यावर ऐकला नाही. बायका विहिरीवर तिची कळशी उचलून द्यायला लागल्या. सोनीबाय सुनेला आधी वाढून मग स्वतः जेवायला बसू लागली. मी इतकी वर्षं समजावून जे झालं नव्हतं ते एका थाळीने केलं, आणि खरं सांगते, मला थोडा हेवाही वाटला.

धक्के हळूहळू कमी झाले, पूर्ण थांबले मात्र नाहीत. जमनीला मुलगी झाली. त्याच सुमारास कुठल्याशा खाजगी कंपनीने मागच्या माळावर दोन मोठ्या पवनचक्क्या उभ्या केल्या. पाड्यावर त्यांना पंखे म्हणत. पंखे सुरू झाले आणि माझ्याकडे रांग लागली. डोकं जड, छातीत धडधड, मुलं शाळेत पेंगतात, अंगात त्राण नाही. झोप लागते का म्हटलं की एकच उत्तर यायचं, "पंखा झोपू देत नाय." तो जमीन ढवळतो, असंही लोक म्हणायचे.

कंपनीने शेखर नावाच्या एका तरुण इंजिनियरला पाठवलं. मूळचा वर्ध्याचा, बोलायला गोड, पण पाड्यावरच्या उन्हाने आणि प्रश्नांनी बेजार झालेला. त्याने आवाज मोजायचं यंत्र आणून अंगणात उभं केलं. पात्यांचा आवाज नियमात बसत होता. पंख्याने भूकंप होत नाही, हे त्याने सगळ्यांना बसवून नीट समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पुन्हा तेवढीच रांग लागली.

त्या चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला विवळवेढ्याला आमच्या खात्याच्या तंबूत माझी पाळी होती. जत्रेच्या तंबूत बहुतेक चक्कर आलेले आणि पाय मुरगळलेले येतात. दुपारी चार बायका एकीला उचलून घेऊन आल्या, ती जमनी होती. झटका येऊन गेला होता, तोंडाला फेस, आणि उजव्या हातावर भाजल्याची ताजी खूण. मागून सोनीबाय नातीला कडेवर घेऊन धापा टाकत आली.

गोळ्या सोडल्या असतील म्हणून मी आधी चिडलेच. पण गोळ्या नीट चालू होत्या. झटके पंखे आल्यापासून परत सुरू झाले होते, मला मात्र घरातल्या कोणी सांगितलं नव्हतं. आधीच्या एका झटक्यात हात चुलीवर पडून भाजला होता. फेफऱ्याच्या माणसाला झोप ही गोळीइतकीच लागते, झोप मोडली की झटका डोकं वर काढतो. मला तिची झोप कशाने मोडते तेच कळत नव्हतं.

सोनीबाय हळू आवाजात म्हणाली, "पोर हिच्यापाशी एकटी ठेवीत नाय मी आता. रात्ची पण माझ्याकडंच घेते."

जमनी डोळे मिटून पडली होती, पण तिने ते ऐकलं. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं ते मी पाहिलं. त्या मुलीला मीच या जगात ओढून घेतलं होतं. तिची आई तिला जवळ घेऊ शकत नाही हे मला सहन झालं नाही, आणि मी मनाशी म्हटलं, आता या पंख्याचं काय ते बघतेच.

पुढच्या आठवड्यात मी पाड्यावर गेले ती दुपार धरूनच. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. सोनीबाय, जमनी आणि शेजारच्या दोघी ओटीवर सावलीत बसल्या होत्या, मीही टेकले. सोनीबाय सुपात तांदूळ पाखडत कोणाच्या तरी लग्नातली भांडणं सांगत होती. गोष्ट रंगात आली असताना चौघी उठल्या आणि अंगणात भर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. सोनीबायच्या हातात सूप तसंच, तोंडात गोष्ट तशीच. पलीकडच्या घरातला म्हातारा पण विडी ओढत दाराबाहेर आला. ओटीवर छपराखाली मी एकटी उरले.

थोड्या वेळाने सगळे जागच्या जागी येऊन बसले. मी विचारलं, तुम्ही उठलात का? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोण उठलं, असं सोनीबायने मलाच विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मी मागे माळाकडे पाहिलं. आले तेव्हा दोन्ही पंख्यांची तोंडं डोंगराकडे होती, आता ती समुद्राकडे वळली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वारा फिरतो आणि समुद्रावरून येऊ लागतो, रात्री तो पडतो आणि पुन्हा डोंगराकडून सुटतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वारा फिरला की त्या अजस्र पंख्यालाही मान फिरवावी लागते, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आणि छपराखालून अशी उठून बाहेर येतात ती माणसं जमीन गुरगुरली की.

दुसऱ्या दिवशी मी शेखरला जवळजवळ हाताला धरून आणलं आणि सोनीबायच्या घरात शेणाने सारवलेल्या जमिनीवर कान लावून आडवं पडायला सांगितलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची मला कीव आली, पण इलाज नव्हता. मीही शेजारी पडले. एक सरकारी बाई आणि एक कंपनीचा साहेब असे पालथे पडलेले बघून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वारा फिरला. जमिनीतून एक जाड गुरगुर आली, थांबली, पुन्हा आली. शेखर ताडकन उठून बसला. त्याने मग मला नीट समजावलं. पंख्याचं डोकं वळताना त्याला धरून ठेवणारे ब्रेक सुटायला हवेत, ते पुरते सुटत नव्हते आणि घासत होते. ती घरघर खांबातून खाली कातळात उतरत होती. पाती फिरत असतानाचा आवाज त्याने मोजला होता, मान वळतानाचा कोणी मोजलाच नव्हता.

तेव्हा कुठे मला माझा जुना प्रश्न सुचला. मी जमनीला विचारलं, रात्री ही गुरगुर आली की तू काय करतेस?

"थाळी वाजवते," ती म्हणाली. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

म्हणजे रोज रात्री पंखा मान वळवायचा, जमनी थाळी बडवायची, अख्खा पाडा मुलं उचलून अंगणात यायचा, उभा राहायचा आणि परत आत जाऊन छताकडे बघत पडायचा. आम्ही झोपेबद्दल इतकं विचारलं आणि ही थाळी कोणाच्या बोलण्यात आली नाही, कारण ती कोणाला त्रास वाटतच नव्हती. त्यांच्या लेखी त्रास पंख्याचा होता आणि थाळीचा आधार होता.

शेखरने चिकाटीने पाठपुरावा केला. वरची माणसं आली, वर चढली, ब्रेक बदलले. गुरगुर जवळजवळ गेली. पाड्यावरची मुलं शाळेत जागी राहू लागली. माझ्यासारखी खूश मीच. चारोटीला उतरून मी शेखरला भजी खाऊ घातली आणि दोघांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

जमनीचे झटके मात्र चालूच राहिले. मी पुन्हा गेले. आता पंखा काही बोलत नाही, म्हणून ती रात्र रात्र कान देऊन बसत होती. धाकटी डहाणूच्या मावशी मला तेव्हा आठवल्या. पूर्वी निदान थाळी वाजवून झाली की ती आडवी व्हायची, आता वाट बघण्याला शेवटच नव्हता. मी म्हटलं, जमने, थाळी दुसऱ्या कोणाला तरी दे. पाळ्या लावा. तू झोपलीस तर झटके थांबतील, पोर परत तुझ्या कुशीत येईल.

तिने फळीवरच्या थाळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "थाळी दिली म्हंजे मी परत फेफरीच ना, सिस्टर?"

तसं होणार नाही, असं मी म्हणू शकले असते, पण तिला आणि मला दोघींनाही पाडा चांगला माहीत होता. सोनीबाय चुलीपाशी होती. ती उठली, फळीवरची थाळी आणि पळी उचलून तिने स्वतःच्या अंथरुणापाशी नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत तिने घराघरांच्या पाळ्या लावून टाकल्या.

जमनीने ते मनाला फार लावून घेतलं. तिला वाटलं, आपल्याला बाजूला सारलं. माझ्याशी बोलणं तिने बंद केलं, गोळ्या घ्यायची आणि तोंड फिरवायची. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाणही थोडं वाढवलं होतं. रागावलेल्या माणसालाही झोप लागते, हे एक बरं आहे. ती झोपू लागली, झटके थांबले आणि काही आठवड्यांनी सोनीबायने नातीला तिच्याजवळ झोपवायला सुरुवात केली. तरी ती माझ्याशी बोलेना.

सगळ्यांच्या तक्रारी मिटल्या असं मी लिहिणार नाही. त्या विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याच्या कानात अजून भुणभुण होते. माळाला लागून असलेल्या घरात संध्याकाळी पात्यांची सावली भिंतीवरून सरकत राहते आणि तिथल्या सुनेला मळमळतं. ते खरं की मनाचं हे मला ठरवता आलं नाही, शेखरलाही नाही. आणि एक रुखरुख आहे. जमिनीचं बोलणं आधी ऐकणारा असा कान मी दुसरा पाहिला नाही, आणि तो मी गोळ्या देऊन झोपवला. दुसरा मार्ग नव्हता हे मला पटतं, तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी एका रात्री पुन्हा धक्का बसला. सकाळी डहाणूतही तीच चर्चा होती. मी पहिली टमटम धरून पाड्यावर गेले. भिंती शाबूत होत्या. सगळे अंगणातच बसलेले, चहा चालू होता, आणि मला बघून जमनी उठून माझ्याकडे आली. इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

तिने सांगितलं ते असं. तिला जाग आली तेव्हा डोळ्यांवर ऊन होतं आणि वर छप्पर नव्हतं, आकाश होतं. तिला वाटलं, झटका आला आणि आपण कुठेतरी पडलो. हात हलवायची भीती वाटली. मग कुशीत काहीतरी उबदार लागलं, ती तिची मुलगी होती, गाढ झोपलेली. दोघी आपल्याच गोधडीवर होत्या आणि गोधडी अंगणात होती. भोवती पाड्यावरच्या बायका बसल्या होत्या, तिच्या झोपेला त्रास नको म्हणून कुजबुजत.

धक्क्याच्या वेळी पाळी सोनीबायची होती. तिला काही आधी ऐकू आलं नव्हतं, हादरल्यावरच तिने थाळी बडवली. सगळे बाहेर आले आणि जमनी दिसेना. मग विहिरीवर पूर्वी तिच्यापासून अंतर सोडून उभ्या राहणाऱ्या बायकांतल्याच चौघी आत गेल्या, गोधडीचे चार कोपरे धरले आणि मायलेकींना उचलून बाहेर आणलं.

मी सोनीबायला म्हटलं, अहो, हाक मारून उठवायचं ना तिला, केवढा धोका. ती चहाची कपबशी माझ्या हातात देत म्हणाली, "उठवायची कशाला? तिनं किती वरसं आमाला बाहेर काढलं. आमी होतो ना जागे."